गिझरखालचे टपटप पाणी आणि नणंदेकडचा लाल डबा

सीवूड्सहून एका भगिनीचे पत्र आले आहे. करावे गावाच्या बाजूला उंच इमारतीत पाचव्या मजल्यावर त्या राहतात. घरात सासू-सासरे, दोन शाळकरी मुले. न्हाणीघरात 25 लिटरचा गिझर. त्या लिहितात: ‘‘फजरच्या आधी गिझर लावला की थोड्या वेळाने त्याच्या खालच्या पितळी तोटीतून टपटप पाणी पडू लागते. गिझर बंद झाला की थांबते. प्लंबरला बोलावले तर म्हणाला, व्हॉल्व्ह खराब आहे, एम-सील लावून तोंड बंद करून देतो, नवीन घ्यायची गरज नाही. सासरे म्हणाले, लावून टाका, पाणी तरी वाया जाणार नाही. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, आमच्या बॉयलरला यासाठी लाल डबा असतो, तो तुमच्याकडे नाही का? तो डबा म्हणजे काय? आपल्याकडे मिळतो का? आणि एम-सील लावू का?’’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे वाचेपर्यंत प्लंबर पुन्हा यायचा. आपा, एम-सील लावू नका. कुणी लावून गेला असेल तर तो गिझर आजपासून वापरू नका. व्हॉल्व्ह बदलून घ्या आणि मगच बटण दाबा. आता त्याचे कारण जरा सावकाश पाहू.

पाणी तापले की वाढते. चुलीवर काठोकाठ भरून ठेवलेले पातेले उकळण्याच्या आधीच कडेने सांडू लागते, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. किती वाढते हे मात्र आपण मोजत नाही. 25 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत तापवले तर ते शेकडा सुमारे 1.4 ने वाढते. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण 25 लिटरच्या गिझरमध्ये ते साडेतीनशे मिलिलिटर होते. थर्मोस्टॅट 75 अंशांवर ठेवला असेल तर अर्ध्या लिटरहून अधिक. म्हणजे बंद टाकीत जागा 25 लिटरची आणि मावायला आले आहे साडेपंचवीस लिटर.

हवा असती तर ती दबून बसली असती. सायकलच्या ट्यूबमध्ये आपण हवा कोंबतो ना, तशी. पाणी तसे दबत नाही. पाण्याचे आकारमान अवघे एक टक्का कमी करायचे तर वातावरणाच्या दाबाच्या दोनशेहून अधिक पट दाब लागतो. गिझरची टाकी त्याच्या जवळपाससुद्धा जाण्यासाठी बनवलेली नसते. आपल्या बाजारातल्या बऱ्याच गिझरच्या पाटीवर 8 बार लिहिलेले असते. बार हा दाब मोजण्याचा एकक. एक बार म्हणजे ढोबळमानाने दहा मीटर उंच पाण्याच्या खांबाचा दाब. कुठे 0.8 एमपीए असे छापलेले असेल, तेही 8 बारच. सुरुवातीला पाइप थोडे ताणले जातात, टाकीचा पत्रा किंचित फुगतो, कुठे अडकलेली हवा असेल तर ती दबते. त्यानंतर वाढलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट हवीच. ती नसेल तर दाब चढतच जातो.

जुन्या घरांमध्ये हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिथे तांब्याचा बंब होता. मधोमध नळकांडे, त्यात निखारे, भोवती पाणी, वर नुसते ठेवलेले झाकण. पाणी वाढले तर झाकणाखाली वर सरकायचे, फार तापले तर वाफ झाकण खडखडवत निघून जायची. बंबाला तोटी होती, पण कुलूप नव्हते. त्या खुल्या झाकणामुळेच तो कधी फुटला नाही. कोकणातल्या न्हाणीतल्या चुलीवरच्या हंड्याचेही तेच. पाणी तापवण्याचे भांडे आपण पूर्ण बंद केले ते गिझर आल्यावर, आणि ते वरच्या टाकीच्या पाइपला जोडले तेव्हापासून वाढलेल्या पाण्याचे काय करायचे हा हिशेब सुरू झाला.

सीवूड्स-दारावे स्टेशनच्या भोवती दोन तऱ्हेच्या इमारती दिसतात. सिडकोच्या काळातल्या चार मजल्यांच्या, आणि पाम बीच रस्त्याच्या बाजूला उभे राहिलेले उंच टॉवर. दोन्हीकडे पाणी महापालिकेचेच. ते आधी खालच्या टाकीत येते, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून आपल्या वजनाने घराघरांत उतरते. जुन्या चार मजली इमारतीत गिझर लावताना कित्येकदा मध्ये काहीच बसवलेले नसे. पाणी तापून वाढले की जास्तीचा पाव-अर्धा लिटर थंड पाण्याच्या पाइपातून उलटा मागे सरके आणि गच्चीवरच्या टाकीतली पातळी केसभर वर जाई. कुणाला कळतही नसे. थोडक्यात, नणंदेचा लाल डबा त्या इमारतींना होताच. तो गच्चीवर होता, हजारो लिटरचा होता आणि सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एक होता.

मग मध्ये व्हॉल्व्ह का आणला? त्याला दोन कारणे आहेत. गरम पाणी मागे सरकू लागले की शेजारच्या नळाला थंडऐवजी कोमट पाणी येते आणि वीज फुकट जाते. दुसरे कारण जास्त गंभीर. गच्चीवरची टाकी रिकामी झाली किंवा साफसफाईसाठी मुख्य कॉक बंद करून कुणी खालचा नळ उघडला, तर गिझरमधले पाणी मागच्या मागे उतरून जाऊ शकते. आतली कॉइल कोरडी पडते, आणि गिझर चालू असेल तर ती जळते. म्हणून थंड पाणी जिथून आत जाते त्या तोंडावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. पाण्याला आत जायची परवानगी, मागे फिरायची नाही.

आता गंमत पाहा. एक दुखणे बरे केले आणि दुसरे उभे राहिले. मागची वाट बंद झाल्यावर वाढलेले पाणी जाणार कुठे? पुढे नळ बंद, मागे व्हॉल्व्ह बंद. म्हणून त्याच पितळी तुकड्यात आणखी एक झडप दिलेली असते. तिच्यामागे स्प्रिंग असते. आतला दाब ठरावीक आकड्याला पोचला की पाणी स्प्रिंगला मागे ढकलते, बाजूच्या छोट्या तोटीतून थेंब थेंब बाहेर पडते, दाब उतरला की स्प्रिंग पुन्हा झडप मिटवते. आपल्याकडे या जोडतुकड्याला दुकानदार मल्टी-फंक्शन व्हॉल्व्ह किंवा नुसते सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. तुमच्या न्हाणीत टपटपणारी तोटी हीच.

म्हणजे व्हॉल्व्ह बहुधा खराब नाही, तो आपले काम करतो आहे. त्याने पाणी सोडले नसते तर काळजी वाटली असती.

बहुधा म्हणतो, कारण ते तपासून पाहावे लागेल. ही तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, त्यासाठी पाना-पक्कड लागत नाही. तोटीखाली एक मग लटकवा किंवा ठेवा. गिझर पूर्ण गार असताना लावा आणि दिवा विझेपर्यंत गरम पाण्याचा नळ उघडू नका. मगात साधारण एक कप पाणी जमले, फार तर दीड-दोन कप, आणि दिवा विझल्यावर टपटप थांबली, तर सगळे ठीक आहे. मध्येच कुणी गरम नळ सोडला तर दाब तिथून निघून जातो आणि मग कोरडाच राहतो, तेही ठीक. पण गिझर रात्रभर बंद असून, पाणी गार असूनही थेंब चालूच असतील, तर दोनपैकी एक गोष्ट आहे: झडपेच्या तोंडाशी क्षार किंवा वाळूचा कण अडकला आहे, किंवा इमारतीतून येणाऱ्या पाण्याचाच दाब जास्त आहे. आणि तिसरी गोष्ट. थेंब न पडता धार लागली, वाफ आली, गिझरमधून उकळल्यासारखा घुमणारा आवाज आला, तर थर्मोस्टॅट बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी न्हाणीघरात शिरू नका. बाहेरचा एमसीबी पाडा, मुलांना लांब ठेवा, गार होऊ द्या आणि कंपनीच्या माणसालाच बोलवा.

पत्रातल्या वर्णनावरून तुमचा गिझर पहिल्या प्रकारात बसतो. लावल्यावर सुरू, बंद झाल्यावर थांबते. तरी मग लावून एकदा पाहाच.

आता एम-सीलविषयी. तोटीचे तोंड बंद केले की त्याच क्षणी काही होत नाही. धोका ओळखता येत नाही तो त्यामुळेच. थर्मोस्टॅट धड असेल तर पाणी 60-65 अंशांवर थांबते, दाब खूप चढतो, टाकीचे सांधे ताण सोसतात, रात्री गार झाले की सैल पडतात. रोज ताण, रोज सैल. काही महिन्यांनी टाकीला बारीक तडा जातो, आपण म्हणतो, गिझर लवकर सडला. हा झाला बरा शेवट. ज्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटतो आणि त्यामागचा दुसरा कटआउटही दगा देतो, त्या दिवशी काय होते ते ऐका. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांना उकळते, त्याहून जास्त तापत नाही. दाबाखाली तसे नसते. 3 बार दाबाखाली ते सुमारे 144 अंशांपर्यंत पाणीच राहते, 8 बारला सुमारे 175 अंशांपर्यंत. टाकी फाटली की दाब एकदम जातो, आणि इतके तापलेले पाणी बाहेर पडता पडता उकळते. त्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून अधिक जागा मागते. गिझर फुटून न्हाणीचे दार उडाल्याच्या बातम्या वाचतो तेव्हा आपण विजेला दोष देतो. जोर मात्र वाफेचा असतो.

व्हॉल्व्हला खिळ घालणाऱ्या प्लंबरचा मला राग येतो असे नाही. त्याला गळती दाखवली, त्याने गळती थांबवली. त्याच्या लेखी काम झाले. पण सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी असतो हे माहीत नसलेल्या माणसाने गिझरला हात लावू नये, हे माझे मत पक्के आहे, मग तो कितीही जुना ओळखीचा असो.

आता नणंदेचा लाल डबा. थंड देशात घर गरम ठेवायला बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो. हे पाणी नळाला येत नाही. तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. पाइप, रेडिएटर मिळून एखाद्या घरात शंभर लिटर असेल असे धरा. हिवाळ्यात ते 10 अंशांवरून 80 अंशांपर्यंत जाते तेव्हा जवळजवळ तीन लिटरने वाढते. रोज तीन लिटर बाहेर टाकायचे आणि रोज तीन लिटर ताजे भरायचे, हे परवडत नाही. पाण्याच्या किमतीपेक्षा त्याचे खरे कारण गंज. ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो आणि लोखंडी रेडिएटर आतून खाऊ लागतो. म्हणून वाढलेल्या पाण्याला घरातच जागा द्यायची, आणि गार झाले की परत घ्यायचे.

इंग्लंडच्या जुन्या घरांत यासाठी माळ्यावर एक छोटी उघडी टाकी असे. आपल्या गच्चीवरच्या टाकीचीच धाकटी बहीण. नव्या घरांत पाण्याचे चक्र पूर्ण बंद असते, म्हणून लाल डबा. तो बॉयलरच्या पोटात असतो किंवा शेजारी भिंतीवर. डब्याच्या आत मधोमध रबराचा पडदा असतो. एका बाजूला चक्रातले पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. पाणी तापून वाढले की पडद्याला हवेच्या बाजूला ढकलते. हवा दबते, जागा देते. पाणी गार झाले की हवा पडद्याला परत ढकलते आणि पाणी चक्रात जाते. पाणी दबत नाही, हवा दबते, एवढ्या एका गोष्टीवर हा डबा चालतो. फुग्यावर हात ठेवून दाबा आणि सोडा, तेच.

हवेच्या बाजूला मोटारीच्या चाकाला असतो तसा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्यातून हवा भरून ठेवतात, साधारण एक बारच्या आसपास; पाणी गार असताना चक्रात जेवढा दाब असतो त्याच्या जवळपास किंवा थोडा कमी. हे माप चुकले तर डबा निकामी. हवा फार कमी असेल तर डबा आधीच पाण्याने भरून बसतो आणि वाढलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. हवा फार जास्त असेल तर पाणी आत शिरायलाच तयार होत नाही. रबर फाटले तर दोन्ही बाजूंना पाणी.

नणंदबाईंना एक निरोप द्या. बॉयलरवर दाबाचा गोल काटा असतो. घर गार असताना तो 1 आणि 1.5 च्या मध्ये असावा, तापल्यावर थोडा वर जावा. तापल्यावर 3 च्या लाल पट्टीला भिडत असेल, बाहेरच्या भिंतीवरच्या छोट्या तांब्याच्या नळीतून पाणी टपकत असेल आणि दुसऱ्या दिवशी काटा शून्याकडे आलेला असेल, तर बहुधा डब्यातली हवा गेली आहे. दर आठवड्याला नळी उघडून पाणी भरत राहणे हा त्यावर इलाज नाही. गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला बोलावून डब्यात हवा भरून घ्यावी किंवा डबा बदलावा. आणि तिच्याकडेही 3 बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आहेच. डबा असला म्हणून व्हॉल्व्ह काढत नाहीत. रोजची वाढ सांभाळतो डबा, आणि डबा हरला तर वाचवतो व्हॉल्व्ह.

हा डबा आपल्याकडे मिळतो का? मिळतो, आणि सीवूड्समध्ये तो डझनावारी असेल, फक्त दुसऱ्या नावाने. टॉवरमधल्या सर्वांत वरच्या मजल्यांना गच्चीवरच्या टाकीतून पुरेसा दाब मिळत नाही. टाकीचे पाणी नळापेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब अवघा 0.3 बार, शॉवरमधून धार पडते, फवारा नाही. म्हणून वर प्रेशर पंप बसवतात. पंपाशेजारी फुगीर गोल टाकी दिसते, निळी किंवा लाल. तिच्यातही रबराची पिशवी आणि हवा. आत तोच प्रकार, काम थोडे वेगळे: कुणी जरासा नळ उघडला तर पंप लगेच सुरू न होता टाकीतल्या दाबाने पाणी जावे. पंप दर मिनिटाला खट-चालू, खट-बंद करत असेल तर त्या टाकीतली हवा गेली असे समजा. पंप बंद करून, नळ उघडून पाणी उतरवून, मग चाकाच्या गेजने हवा तपासतात. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा ती थोडी कमी ठेवतात. पाण्याचा दाब असताना मोजलेला आकडा खोटा येतो, हे सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवा, कारण शेवटी मोजणार तोच.

वरच्यांना दाब कमी, तर खालच्यांना जास्त. तुमची इमारत वीस मजल्यांची धरली तर पाचव्या मजल्याच्या वर पंधरा मजले, म्हणजे साधारण 45 मीटर. दाब साडेचार बार. गिझर लावण्याच्या आधीच साडेचार. आठपर्यंतचे अंतर किती उरले ते बघा. चांगल्या टॉवरमध्ये यासाठी काही मजल्यांच्या गटाला दाब कमी करणारे व्हॉल्व्ह दिलेले असतात. ते कितीवर लावले आहेत हे सोसायटीच्या ऑफिसात विचारा. अंदाजावर जाऊ नका. प्लंबरकडे नळाला लावायचा प्रेशर गेज असतो, पाच मिनिटांचे काम आहे. नळावर दाब पाच बारच्या पुढे आला तर तक्रार गिझर कंपनीकडे नेण्याआधी सोसायटीकडे न्या.

आता तुमच्या गिझरला डबा लावावा का? हिशेब करून पाहू. तुमच्या घरी थंड पाण्याचा दाब 3 बार आहे असे धरा आणि दोन लिटरचा डबा 3 बार हवा भरून लावला. गिझरमधून 360 मिलिलिटर पाणी त्यात गेले तर दाब 3 वरून 4 च्या जरा खाली जाईल. आठच्या कुठेच जवळ नाही. मगात एक थेंब पडणार नाही. म्हणजे उपाय उत्तम आहे. तरीही घरच्या 15-25 लिटरच्या गिझरला तो घ्या असे मी सांगणार नाही. व्हॉल्व्ह तेच काम एका कप पाण्याच्या बदल्यात करतो आहे, आणि डब्याची हवा दर वर्षी तपासायची आठवण किती घरांत राहील? न तपासलेला डबा दोन-तीन वर्षांनी नुसता पाण्याचा लोटा होतो. घरात सगळ्यांसाठी एकच मोठी टाकी असेल तर गोष्ट वेगळी. मशिदीच्या वुजूखान्यासाठी 500 लिटर पाणी तापवणारी बंद टाकी, पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतील तर रोज सात लिटरची वाढ होते. नाशिक-पुण्याकडे थंडीत अशी सोय करणाऱ्या जमातींनी ठेकेदाराला नक्की विचारावे: वाढलेले पाणी जाणार कुठे? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा ठेकेदार पाहावा.

गच्चीवर सोलर असणाऱ्यांसाठी थोडे. काचेच्या नळ्यांच्या सोलरची टाकी सहसा दाब सोसणारी नसते. तिला वर उघडी नळी असते, तोंड खाली वळवलेले. तीच तिची बंबाची झाकणफट. पाणी तापून वाढले की थोडे तिथून बाहेर येते. कडक उन्हात वाफही येते. काही सोसायट्यांत गच्ची ओली होते म्हणून या नळीला बूच मारतात. त्याने टाकी फुगते आणि शिवण उकलते. याच्या उलटही होते. खाली सगळ्यांनी एकदम पाणी सोडले आणि थंड पाणी मागून आलेच नाही, तर आत पोकळी तयार होते आणि पत्र्याची टाकी बाहेरच्या हवेच्या दाबाने आत चेपते. नळी उघडी असली तर तिच्यातून हवा शिरते आणि टाकी वाचते. एक मात्र पाहा: नळीचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा वर हवे. ते खाली राहिले तर ती अखंड वाहते, आणि लोकांना बूच सुचते. नळी उंच करावी, बूच मारू नये.

पाणी वाया जाते हा सासऱ्यांचा मुद्दा चुकीचा नाही. इस्राफ टाळायलाच हवा, आणि त्यासाठी तोटी बंद करायची गरज नाही. पितळी तोटीला एक पातळ नळी लावून ती खाली बादलीत किंवा जाळीजवळ सोडा. ती उतारानेच जावी, मध्ये गाठ, क्लिप किंवा कॉक नको, आणि तिचे टोक पाण्यात बुडू नये. बादलीतले कपभर पाणी फरशी पुसायला होते. थर्मोस्टॅट 75 वर असेल तर 55-60 वर आणा. पाणी कमी वाढेल, वीजही वाचेल, मुलांचा हात पोळण्याचा धोकाही कमी होईल.

प्लंबरला मात्र हे समोर उभे राहून सांगा. गिझर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दुसरा कोणताही कॉक नको. थंड पाण्याचा कॉक हवा तर तो व्हॉल्व्हच्या अलीकडे, पाणी येते त्या बाजूला. व्हॉल्व्हवरचा बाण पाणी जाण्याच्या दिशेनेच हवा. नवीन व्हॉल्व्ह घेताना त्याच्यावरचा आकडा गिझरच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त नसावा. दुकानदार दहा बारचा ‘‘जास्त मजबूत’’ म्हणून देईल, तो परत करा. व्हॉल्व्हला छोटी दांडी असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा, गिझर गार असताना, ती उचलून पाणी वाहू द्या. टँकरचे किंवा बोअरचे पाणी येणाऱ्या घरांत हे जास्त गरजेचे, कारण क्षार साचून झडप चिकटते आणि चिकटलेली झडप एम-सील लावलेल्या झडपेसारखीच. दांडी उचलून पाणी आले नाही तर व्हॉल्व्ह त्याच दिवशी बदला.